आई-बाबांच्या अमेरिकेच्या व्हिसावर २०३३ ची तारीख आहे, मग सहा महिन्यांत परत का यायचं?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा ऑक्टोबरमध्ये सांगलीहून ताईकडे न्यू जर्सीला गेले. बाळ पाच महिन्यांचं आहे, व्याही जूनमध्ये येणार आहेत आणि तोवर दोघांना तिथेच ठेवायचंय. एजंट म्हणतो, व्हिसा दहा वर्षांचा आहे, बिनधास्त राहू दे. त्याचं ऐकू नका.

व्हिसा म्हणजे दार वाजवायची परवानगी. आत मुक्काम किती, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत असतं. बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्यांना बहुतेकदा सहा महिने मिळतात. ही नोंद आता कागदावर हातात देत नाहीत, सीबीपी या सीमा-तपासणी खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसते. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच असतं, त्यामुळे फक्त पहिलं नाव टाकलं की ‘नोंद सापडली नाही’ असं येऊ शकतं. ‘ॲडमिट अनटिल’ समोरची तारीख हीच खरी मुदत. तारीख नुसत्या आकड्यांत असेल तर तिकडे महिना आधी लिहितात. ०४/१० म्हणजे १० एप्रिल. ४ ऑक्टोबर समजून बसलात तर सहा महिन्यांचा घोटाळा. आणि दोघांची नोंद वेगवेगळी काढा, तारखा सारख्याच असतील असं धरू नका.

जूनपर्यंत थांबायचंच असेल तर ती तारीख उलटायच्या आत यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे मुदतवाढीचा फॉर्म आय-५३९ भरावा लागतो. एकाच्या नावाने मुख्य अर्ज, जोडीदारासाठी आय-५३९ए. निदान ४५ दिवस आधी भरा. वेळेत भरलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदा वास्तव्यात मोजत नाहीत, पण पोच हातात आली म्हणजे मुदत वाढली असंही नाही. मूळ तारखेनंतर नकार आला तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते आणि व्हिसाही बाद होतो. नकार आला की तिकीट काढायचं, वाट बघत बसायचं नाही.

अर्जात कारण, खर्च कोण करणार आणि परत येणार हे कशावरून, या तीन गोष्टी लागतात. शेवटच्यासाठी परतीचं तिकीट, बाबांची पेन्शन, सातबारा चालतात. सातबारा मात्र मराठीत असतो आणि तिथे इंग्रजी भाषांतराशिवाय तो रद्दी कागद. भाषांतर संपूर्ण हवं, खातेदाराचं नाव आणि क्षेत्र तेवढं उतरवून भागत नाही, इतर हक्कांतला सोसायटीचा बोजासुद्धा आला पाहिजे. खाली भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे’ असं लिहून सही, नाव, पत्ता, तारीख द्यायची. नोटरीची गरज नाही, तिथे उगाच पैसे जातात.

कारणाबद्दल स्पष्ट सांगतो. ‘बाळ सांभाळायला कोणी नाही’ हे लंगडं कारण आहे, कारण बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा आहे, दाईचा नव्हे. आजीने नातवंडाला न्हाऊ घालण्यात गैर काही नाही, पण अर्जात तेच पहिलं वाक्य नको. ताईची तब्येत खरोखर नाजूक असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. नसेल तर खोटं पत्र अजिबात नको. खोटेपणा उघड झाला तर पुढचे सगळे व्हिसे अडकतात.

काहीच न करता राहिलं तर? एक दिवस जरी जास्त झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांवर गेलं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेश बंद. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं.

नायगाराला कॅनडाच्या बाजूने जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात, असं काही जण सांगतात. तसा हक्क नाही. तीस दिवसांच्या आत परतल्यावर उरलेल्या जुन्या मुदतीवरच आत घेऊ शकतात. शिवाय कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो.

माझ्या मते व्याह्यांचं तिकीट अलीकडे ओढा आणि आई-बाबांना मुदतीत परत आणा. निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा. पुन्हा कधी जायचं याचा कायद्यात ठरलेला आकडा नाही, पण जेवढे दिवस तिकडे राहिले निदान तेवढे इकडे काढून गेले तर विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीवरचे प्रश्न कमी होतात.