किचन सोडू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हॉटेल मॅनेजमेंटचं दुसरं वर्ष, बोटांवर आणि ओठांच्या कडेला कोड. ट्रेनिंगच्या ठिकाणी तुला किचनमधून उचलून स्टोअरच्या नोंदी लिहायला बसवलंय. घरी आई म्हणते, वर्षभर थांब, डाग गेले की पुढचं बघू. वर आजीचं पथ्य. काय करू, असं विचारलंयस. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. वर्ष घालवू नकोस. उपचार लगेच सुरू कर आणि किचनही सोडू नकोस. एकासाठी दुसरं अडवून ठेवायचं नाही.

तू मला ओळखतेस ती आईची मैत्रीण म्हणून, पण हे पत्र मी त्या नात्याने लिहीत नाही. लालबागला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्याच जागेत माझी आई कामगारांची खाणावळ चालवायची. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोड आहे, लग्नाच्या आधीपासूनचं. याच हातांनी मी कणीक मळते, सुरमई कापते आणि काउंटरवर डबेही मीच देते. म्हणून तुला जे सांगते आहे ते स्वयंपाक करणाऱ्या बाईने स्वयंपाक करणाऱ्या मुलीला सांगितलेलं आहे, असं समज.

तुझ्या आईच्या म्हणण्यात एक मोठी अडचण आहे आणि ती तिला कुणी समजावलेली दिसत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. आपलीच रोगप्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून मारते आणि तेवढी जागा पांढरी होते. पण केसांच्या मुळाशी अशा पेशींचा साठा बऱ्याचदा शिल्लक असतो. उपचाराने त्या पेशी वर सरकतात. म्हणून रंग परत येताना आधी केसांच्या मुळाभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि मग ते ठिपके वाढून एकमेकांना मिळतात. चेहरा आणि मान उपचाराला सगळ्यात चांगली दाद देतात. बोटांची टोकं, तळहात, ओठ इथे केसच नसतात, त्यामुळे तिथे रंग फार हळू येतो आणि कधीकधी येतही नाही. आता तूच बघ. घरी बसून वर्षभर वाट पाहिलीस, तर ज्या बोटांमुळे हे सगळं सुरू झालं ती पुढच्या जूनमध्येही अशीच असण्याची शक्यता बरीच आहे. तुझी बॅच मात्र पुढे निघून गेलेली असेल. आईला हे असंच समजावून सांग. ती तुझ्या काळजीपोटी बोलते आहे, पण तिला वाटतं की वर्ष हा पुरेसा मोठा काळ आहे. बोटांसाठी तो पुरेसा नाही.

आता स्टोअरचं. तुला हलवताना त्यांनी ‘हायजीन’चं कारण दिलं, असं तू लिहिलंस. हायजीनचे नियम लेखी आहेत, तेव्हा ते लेखीच बघू. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याखाली २०११ साली जे नियम आले, त्यांत अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला ठेवायला सांगितलं आहे. हा दाखला संसर्गजन्य आजार नसल्याचा असतो. कोड संसर्गजन्य नाही. ते स्पर्शाने, ताटातून, घामातून, कशातूनच लागत नाही. महारोगाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. तो जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्यावरची संवेदना जाते, आणि आज तोसुद्धा औषधांनी पूर्ण बरा होतो. कोडाच्या जागी टाचणी टोचली तर ती इतर जागेइतकीच टोचते. तिथली त्वचा तितकीच मजबूत असते, तिला घामही येतो, फक्त रंग नसतो.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडून लेटरहेडवर तीन गोष्टी लिहून घे: आजाराचं नाव व्हिटिलिगो, तो संसर्गजन्य नाही, आणि अन्न हाताळायला वैद्यकीय हरकत नाही. तो कागद जोडून ट्रेनिंग मॅनेजरच्या नावाने अर्ज कर की मला माझ्या ठरलेल्या रोटेशनप्रमाणे किचनमध्ये परत घ्यावं. एक प्रत कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला दे. तुझ्या प्रतीवर पोच घे. तोंडी ‘बघू’ म्हणाले तर नम्रपणे सांग की उत्तर लेखी हवं. डोळ्यांत पाणी आलं तरी हरकत नाही, पण कागद देऊनच बाहेर ये. तू सवलत मागत नाहीयेस, फी भरून जे शिकायला आलीस तेच मागते आहेस.

ग्लोव्हजबद्दल माझं ठाम मत आहे. तयार पदार्थ हाताळताना सगळ्यांनी घालायचे असतील तर तूही घाल. सगळे उघड्या हाताने भाजी चिरतायत आणि तुला एकटीला घालायला लावतात, हे मान्य करू नकोस. त्यात अपमान तर आहेच, शिवाय नुकसानही होऊ शकतं. १९३९ साली अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले होते. शोध घेतल्यावर कळलं की त्यांच्या रबरी हातमोज्यांत रबर टिकावं म्हणून घातलेलं एक रसायन त्याला कारण होतं. अशी काही रसायनं रंगाच्या पेशींना थेट मारतात. आपल्याकडे चिकट टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर आणि स्वस्त रबरी चपलांच्या पट्ट्यांमुळे पावलांवर डाग पडलेल्या बायका त्वचेच्या डॉक्टरांना नेहमी दिसतात. तेव्हा कपाळाला काही लावायचंच असेल तर चिकट टिकलीऐवजी कुंकू लाव, आणि ग्लोव्हज कशाचे आहेत ते डॉक्टरांना दाखव.

दुसरी गोष्ट तुझ्या कामात याहून महत्त्वाची आहे. कोड वाढत असतं तेव्हा जिथे कापतं, भाजतं किंवा सतत घासलं जातं तिथे नवा डाग उठू शकतो. डॉक्टर त्याला कोबनर म्हणतात. किचनमध्ये या तिन्ही गोष्टी रोजच्या. म्हणून सुरी कायम धारदार ठेव, कारण बोथट सुरी घसरते आणि बोटावर येते. बोटांची टोकं आत वळवून चिरायची पद्धत तुला शिकवली असेलच, ती घाईतही सोडू नकोस. कढईचा कान धरायला जाड, कोरडं फडकं हवं, ओलं फडकं वाफेने चटकन भाजतं. एप्रनचा नाडा आणि आतल्या कपड्यांचं इलॅस्टिक कमरेला काचणार नाही इतपत सैल ठेव. भांडी घासायचं लिक्विड हातावर तसंच वाळू देऊ नकोस, हात धुऊन मॉइश्चरायझर लाव. चिरलं किंवा भाजलं तर लगेच गार पाणी आणि स्वच्छ पट्टी. मी इतकी वर्षं तव्यापुढे उभी आहे. चटके बसतात, पण ते कमी बसावेत एवढं आपल्या हातात असतं.

आजीच्या पथ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. मासे बंद, दूध बंद, चिंच-कोकम-लिंबू बंद, मीठ कमी. मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड होतं ही समजूत आपल्या कोकणी-मालवणी घरांत फार जुनी आहे. कोड प्रतिकारशक्तीच्या गडबडीने होतं. अमुक पदार्थाने ते झालं किंवा तमुक सोडल्याने गेलं, असं सिद्ध झालेलं नाही. आणि तू तर स्वयंपाक शिकते आहेस! सोलकढीची आंबट चव जिभेवर न घेता तुला ती कळणार कशी? माशांचं तिखलं नीट झालंय का हे सांगणार कशी? आजीशी वाद घालू नकोस, तिने हे प्रेमाने ठरवलंय. साधं, पोटभर, सगळं खाल्लं तर चालेल का, असं डॉक्टरांना विचार, आणि ते उत्तर आजीला त्यांच्याच तोंडून ऐकू दे. तिला एकदा ओपीडीत बरोबर घेऊन जा.

ओपीडी म्हणजे आपल्या मुंबईतली केईएम, नायर, सायन किंवा जेजे ही मोठी रुग्णालयं. चारही ठिकाणी त्वचारोग विभाग आहे. परळचं केईएम तुला सगळ्यात जवळ. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. डाग नवे असताना, पसरत असताना उपचार लवकर सुरू झालेले बरे. डागांच्या कडा धूसर दिसतात का, आजूबाजूला साबुदाण्यासारखे बारीक पांढरे ठिपके उठतायत का, हे डॉक्टरांना मुद्दाम दाखव. तसं असेल तर आजार जोरात आहे आणि तो आधी थांबवावा लागतो. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घे, कारण कोड असणाऱ्यांमध्ये थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो.

मलम चेहऱ्याला वेगळं आणि हातांना वेगळं मिळेल, त्यांची अदलाबदल करू नकोस. स्टेरॉइडचं मलम केमिस्टकडून स्वतःच्या मनाने आणून महिनोन्‌महिने लावू नकोस, त्याने त्वचा पातळ होते. बहुधा फोटोथेरपी सांगतील. त्यात साधारण ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातली अतिनील किरणं देतात, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये दिवस सोडून. एकेक वेळ थोडीच मिनिटं लागतात, पण महिनोन्‌महिने खंड पडू द्यायचा नसतो, आणि तिथेच बहुतेकजण कंटाळतात. तुझी शिफ्ट कोणती आहे ते सांगून वेळ मागून घे. किमान तीन महिने झाल्याशिवाय फरक नाही म्हणून सोडू नकोस. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच उजेडात फोटो काढून ठेव, रोज आरशात बघून काही कळत नाही. २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. रंग परत आणण्यासाठी तिथे मंजूर झालेलं ते पहिलं औषध. तुझ्यासाठी ते किंवा त्या गटातलं दुसरं काही योग्य आहे का, हे डॉक्टर ठरवतील. डाग साधारण वर्षभर जागच्या जागी राहिले, तर त्वचा किंवा पेशी रोपणाची शस्त्रक्रियाही करता येते.

लोकलच्या डब्यात ‘सफेद दाग’ची जी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांतला एकही नंबर फिरवू नकोस. आणि बावची या वनस्पतीच्या बियांचं तेल लावून गच्चीत उन्हात बसायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. बावचीत सोरॅलेन असतं, त्याने त्वचा उन्हाला फार हळवी होते. ते औषधातही वापरतात, पण तिथे त्याचं प्रमाण आणि उजेडाची मिनिटं मोजलेली असतात. घरी अंदाजाने केलं की मोठे फोड येतात, आणि भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो हे वर लिहिलंच आहे.

कॉलेजमधली मुलं ‘मायकल जॅक्सन’ म्हणून हाक मारतात, हे वाचून मला वाईट वाटलं. त्याला खरोखरच कोड होतं. १९९३ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने ते स्वतः सांगितलं. २५ जून, त्याच्या मृत्यूचा दिवस, आता जगभर कोडाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. मुलांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. लोकलमध्ये शेजारची बाई औषध सुचवायला लागली, गिऱ्हाइकाने हाताकडे बघून तोंड फिरवलं, तर माझं एकच वाक्य ठरलेलं आहे: ‘कोड आहे, लागत नाही.’ एवढं बोलून मी कामाला लागते. काही गिऱ्हाइकं आमच्याकडे येईनाशी झाली, हेही तुला खरं सांगते, आणि त्याचा त्रास झाला. पण ज्यांनी माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या त्यांतले बहुतेक परत आले, आता त्यांची मुलंही येतात. चेहऱ्याच्या डागावर मेकअप करावासा वाटला तर खुशाल कर आणि नाही वाटला तर करू नकोस. फक्त हातावर तो लावून अन्नात हात घालायचा नाही.

लग्नाची चिंता आईला आजच का, मला कळत नाही. कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणालाच ते नसतं, एवढं तिला सांग आणि विषय पुढे ढकल.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल, तर तेही त्याच ओपीडीत सांग. मनाच्या डॉक्टरांचा विभाग त्याच आवारात असतो आणि तिथे जाणं हाही उपचाराचाच भाग आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या लोकांसाठी काम करते. आपल्यासारखे हात असलेली माणसं समोर बसून बोलतात तेव्हा जे वाटतं, ते पत्राने होत नाही. म्हणून मीही तुला नुसतं पत्र लिहून थांबणार नाही.

सोमवारी केंद्राला सुट्टी असते. अर्जाचा कच्चा मसुदा लिहून दुपारी घरी ये, आपण तो नीट करू. तुझी सुरीही बरोबर आण. ज्युलियन, म्हणजे काड्यांसारखं बारीक चिरणं, अजून एकसारखं येत नाही म्हणालीस, मी गाजरं आणून ठेवते.

तुझी,
लालबागची मावशी