वाचकांचे प्रश्न : बॉम जीझसचा रंग कुठला?

मे महिन्यात जुन्या गोव्याला गेलो होतो. से कॅथेड्रल पांढरंशुभ्र आणि समोरची बॉम जीझस बॅसिलिका मात्र उघड्या लाल दगडाची. गाइड म्हणाला, हीच एक मूळ रूपात उरली आहे. खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

नाही. बॉम जीझसचं हे लाल रूप जेमतेम सत्तर वर्षांचं आहे. 1594 साली बांधकाम सुरू झालं आणि 1605 मध्ये चर्चचा अभिषेक झाला. तेव्हापासून पुढची जवळजवळ साडेतीनशे वर्षं तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. जुने फोटो पाहा, त्यांत ती शेजारणीसारखीच पांढरी दिसते. 1950च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञांनी गिलावा काढायला लावला. त्यांच्या देशात त्या काळी मध्ययुगीन चर्चवरचे नंतरचे थर उतरवून आतला ग्रॅनाइट उघडा करण्याची सरकारी रीतच होती. दगड दिसला की वास्तू प्राचीन आणि भारदस्त वाटते, ही त्यामागची समजूत. ती त्यांनी इथेही लावली. पण ग्रॅनाइट वेगळा आणि आपला जांभा वेगळा!

मी वेंगुर्ल्याची. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्याच, घरात वाढले आणि जुन्या घरांच्या चुनाकामातच माझा जन्म गेला, म्हणून हे ठासून सांगते. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण कितीही कडक झाला तरी आतून भोकाभोकांचाच. पावसाळाभर पाणी पितो आणि सुकताना त्याचे कण सुटत जातात. उघड्या चिऱ्यावरून हात फिरवा, तांबडी भुकटी तळव्याला लागते. आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला गिलावा नव्हता, तर आजी मिरगाआधी नारळाची झापं बांधून घेतल्याशिवाय राहत नसे. चुन्याचा गिलावा तेच काम बारा महिने करतो. पाऊस स्वतःवर घेतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेरही जाऊ देतो. सिमेंट ती ओल आत कोंडून ठेवतं. चुना झिजतो हे खरं, काही वर्षांनी नवा हात द्यावा लागतो. पण झिजायचं ते गिलाव्याने, भिंतीने नव्हे, हाच जुन्या गवंड्यांचा हिशेब होता.

दुसरा पुरावा दर्शनी भिंतीवरच आहे. तिथले खांब आणि कोरीव पट्टे काळ्या बसाल्टचे आहेत. तो दगड वसईकडून आणवलेला. इतक्या लांबून का? तर जांभ्यात बारीक नक्षी धरत नाही. आता पांढऱ्या भिंतीवर ते काळे खांब डोळ्यांसमोर आणा. मजल्यावर मजला चढत गेलेला, आणि माथ्यावर हे चर्च बांधणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघाची ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची मुद्रा. लांबून पाहणाऱ्यालाही सगळी मांडणी स्वच्छ कळली असती. आज काळा आणि तांबडा एकमेकांत बुडून जातात.

गिलावा परत करावा, अशी मागणी गोव्यात होत असते. माझंही मत तेच, आणि तो चुन्याचाच असावा. लाल बॉम जीझस लोकांच्या मनात बसली आहे, पोस्टकार्डांवर छापली गेली आहे, हे मला कळतं. पण पोस्टकार्डासाठी दर पावसाळ्यात भिंत विरघळू द्यायची का?

से कॅथेड्रलमध्ये आत खांबांच्या रांगा आहेत, बॉम जीझसमध्ये एकच मोकळं दालन. जवळपास एकाच काळातल्या दोन चर्चमध्ये असा फरक कसा?
– एक वाचक, डोंबिवली

कारण दोन्ही ठिकाणचं काम वेगळं. ‘से’ हे बिशपचं पीठ. 1562 साली सुरू झालेलं बांधकाम 1619 पर्यंत चाललं. तिथे मोठ्या मिरवणुका आणि कडेला संतांच्या वेगवेगळ्या वेदी. जेझुइटांना मात्र प्रवचन ऐकू जायला हवं होतं. 1545 ते 1563 या काळात ट्रेंटची धर्मपरिषद भरली, तिच्यानंतर कॅथलिक चर्चने प्रवचनावर आणि मुख्य वेदी सर्वांना दिसण्यावर भर दिला. जेझुइटांचं रोममधलं ‘जेझू’ चर्च याच विचाराने एका रुंद दालनाचं बांधलं गेलं. बॉम जीझस त्याच पठडीतली. आत गेलात तर प्रवचनपीठ दालनाच्या मध्याजवळ भिंतीला लावलेलं आहे, ते बघा.

वेळ असेल तर टेकडीवरचं रोझरी चर्चही पाहा. ते 1540च्या दशकातलं, म्हणजे या दोघींच्या आधीचं. पर्यटक तिथे क्वचित चढतात आणि मला तर ते फार आवडतं. गोल बुरूज, जाड भिंती, उंचावर लहान खिडक्या. लढाई नुकती संपल्यासारखं. दोरखंडाच्या पिळासारखी नक्षी ही राजा मॅन्युएलच्या काळातल्या पोर्तुगालची. आत पोर्तुगीज गव्हर्नरच्या पत्नी दोना कातारीना यांच्या स्मारकावर मात्र गुजराती धाटणीचं कोरीवकाम आहे. सतराव्या शतकातल्या सेंट कॅजेटनपर्यंत येता येता किल्ल्याचा भाव पार गेला, इटालियन थिएटाइन पंथीयांनी रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर तिथे घुमट चढवला. शंभर-सव्वाशे वर्षांतला हा सगळा बदल चालत एका सकाळीत पाहून होतो.

साडी नेसलेल्या मरियेचं चित्र पाहिलं. हा हल्लीचा प्रकार का?
– एक वाचक, पुणे

तुम्ही पुण्याचे आहात, म्हणून आनंदाने सांगते. ते चित्र बहुधा अँजेलो दा फोन्सेका यांचं असावं. 1902 साली गोव्यातल्या सांतेस्तेवला जन्म, शांतिनिकेतनच्या परंपरेत शिक्षण, अवनींद्रनाथ ठाकूर गुरू. गोव्यात त्यांची भारतीय वेशातली मरिया अनेकांना रुचली नाही. मग ते तुमच्या शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि 1967 मध्ये जाईपर्यंत चित्रं काढत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे.

पण हल्लीचा प्रकार म्हणाल तर नाही. 1580 साली जेझुइट अकबराच्या दरबारात पोचले आणि तिथल्या चित्रकारांनी लगेच मरिया रंगवायला घेतली. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. सतराव्या शतकातल्या गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींत बाळ येशू मेंढपाळाच्या रूपात डोंगरावर बसलेला असतो, डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला. त्या कारागिरांना ध्यानस्थ मूर्ती ठाऊक होत्या, हे पाहताक्षणी जाणवतं. गोव्यातली जुनी ख्रिस्ती कला जवळून पाहायची असेल, तर जुन्या गोव्यातच सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. बॉम जीझसहून पायी जाता येतं.