महाग करवतीत पैसे कुठे जातात?

प्रश्न: चौकटी, पाट, चौरंग अशी सागवानाची कामे करतो. गावात तीन-चारशेला करवत मिळते. तशीच दिसणारी ऑनलाइन आठ-दहा हजारांना आहे. एवढा फरक कशाचा? घ्यावी का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: मुख्य फरक पात्याचा. स्वस्त करवतीचे पाते एकाच जाडीच्या पत्र्यातून कापून काढलेले असते. चांगल्या करवतीचे पाते दातांकडे जाड आणि पाठीकडे घासून पातळ केलेले असते. मापायचे तर दातांच्या थोडे वर (दातांवर नव्हे, ते एकाआड एक इकडे-तिकडे फाकवलेले असतात) आणि टोकाजवळच्या पाठीवर मायक्रोमीटर लावा. खाली ०.९ मिमी आणि पाठीला ०.७ किंवा त्याहून कमी भरली, तर घासणावळीचे पैसे दिलेत असे समजा. पाठ पातळ असली की पाते चिरेत आवळत नाही, म्हणून दातांना फाक कमी पुरते. फाक कमी म्हणजे चीर अरुंद, भुसा कमी आणि दंडावरचा ताणही कमी. स्वस्त करवतीला मोकळे चालायला सगळी भिस्त फाकेवरच ठेवावी लागते. मग ती रुंद, खडबडीत चीर पाडते आणि रेघेवर ठेवणे अवघड जाते.

दुसरा भाग पोलादाचा. चांगले पाते ०.८ ते १ टक्का कार्बनच्या स्प्रिंग स्टीलचे असते. त्याचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५० च्या आगेमागे ठेवतात. दात सहज झिजू नये, पण कानस मात्र लागावी आणि फाकवताना दात तुटू नये, असा हा मधला बिंदू आहे. स्वस्त करवतीच्या दातांची टोके निळसर-काळी दिसतात, कारण तेवढाच भाग झटक्यात तापवून कडक केलेला असतो. ती टोके कानशीपेक्षा कडक असतात. घासायला गेलात तर कानसच गुळगुळीत होते. सागात सिलिका असल्याने दात लवकर मरतात आणि अशी करवत बोथट झाली की भंगारात जाते. प्लायवूड आणि एमडीएफला मात्र हीच घ्या. त्यातला गोंद कुठल्याही दातांची वाट लावतो, तिथे महाग करवत घालणे म्हणजे नुसती उधळपट्टी.

मूठ हा भाग बहुतेक जण फक्त शोभेचा समजतात. तीन बोटे मुठीत आणि तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ, अशी पकड बसली पाहिजे. चौथे बोटही आत सहज मावत असेल तर मूठ मोठी आहे, आणि मनगट दुखू लागल्यावर ते कळण्यात अर्थ नाही. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते, पाडव्याच्या सुमारास आकसते. तेव्हा पितळी स्क्रू एकदा आवळा, नाहीतर मूठ डुलते आणि चीर वाकडी जाते.

आता घ्यावी की नाही. स्वतः कानस चालवणार असाल तर घ्या, नाहीतर पैसे वाया. शिवाय एका करवतीत दोन्ही कामे नीट होत नाहीत. उभे चिरायला इंचाला ५ ते ७ दात, त्यांची धार सरळ, पटाशीसारखी. आडवे कापायला ८ ते १०, तिरकी धार, लाकडाचे तंतू तोडणारी. चौकटीच्या कामाला आधी २६ इंची चिरायची करवत चांगली घ्या, आडव्या कापणीला तूर्त साधी चालेल. कुसू (सांध्यात बसणारे टोक) पाडायला पाठीवर पितळी पट्टी असलेली, १२ ते १४ दातांची छोटी करवत पुढे कधीतरी.

प्रश्न: जुन्या बाजारात करवत मिळाली. पात्यावर ‘कास्ट स्टील’ कोरलेले आहे. ही बिडाची का? मुठीवरच्या बिल्ल्यावर ‘वॉरंटेड सुपीरियर’ आहे.
– निपाणी

उत्तर: बिडाची नाही. मुशीत वितळवून ओतलेल्या पोलादाला तसे म्हणत. ती पद्धत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्डला बसवली. बिल्ला बऱ्याच कारखान्यांच्या करवतींवर तसाच असे, त्यावर भाव देऊ नका. पाते डोळ्यासमोर धरून लांबीभर बघा. सलग बाक असला तर बहुधा सरळ करता येतो. एका जागी मोडल्यासारखा कोन असेल तर सोडून द्या. दातांच्या मुळाशी गंजाचे खड्डे किंवा बारीक तडे असतील तरीही सोडा, धार लावताना तिथलेच दात निखळतात.

प्रश्न: धार लावली की करवत रेघ सोडून डावीकडे पळते.
– शहापूर, बेळगाव

उत्तर: डाव्या बाजूची फाक जास्त आहे, किंवा त्या बाजूचे दात जास्त धारदार झाले आहेत. करवत नेहमी तिकडेच ओढली जाते. तेलदगड त्या बाजूच्या दातांवर पात्याला सपाट टेकवून मुठीपासून टोकापर्यंत एकदाच, हलका फिरवा. कापून बघा. लागलेच तर पुन्हा एकदा.

पण मूळ चूक धार लावण्याच्या क्रमात असते. पाते दोन फळ्यांमध्ये, दात जेमतेम पाव इंच वर येतील असे व्हाइसमध्ये आवळा. आधी सपाट कानस दातांच्या माथ्यावरून सरळ फिरवा, प्रत्येक टोकावर चमकता ठिपका येईपर्यंत. मग फाक द्या: दाताचा वरचा अर्धा भागच, एक इकडे, एक तिकडे. शेवटी तिकोनी कानस. तिची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त असावी, म्हणजे तीनही कडा वापरता येतात. एका बाजूने एक सोडून एक खाच घासा आणि ठिपका निम्मा उरला की थांबा. करवत उलटी बांधून उरलेल्या खाचा घासा, ठिपका नाहीसा होताच थांबा. त्यापुढे एक हात जास्त मारलात की तो दात बुटका झाला, आणि बुटका दात काम करत नाही. पहिल्या बाजूनेच ठिपका संपवून टाकतात म्हणून दात एक मोठा, एक लहान होतात आणि करवत पळते.

प्रश्न: जांबोटीच्या पावसात पाते आठ दिवसांत तांबूस होते. जवसाचे तेल लावतो.
– खानापूर तालुका

उत्तर: जवसाचे तेल वाळून चिकट पापुद्रा धरते, ते मुठीला ठीक, पात्याला नको. पात्याला शिलाईमशीनचे तेल कापडाने पुसट लावा. फणस कापल्यावर चीक राहतो, तो आधी रॉकेलच्या बोळ्याने काढा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. काम चालू असताना तेलाऐवजी मेणबत्ती घासली तरी चालते, लाकडाला डाग पडत नाही.