ब्लॅक बॉक्स 'हस्तगत' झाला म्हणावं का?

प्रश्न असा होता की "समुद्राच्या तळातून ब्लॅक बॉक्स हस्तगत" असा मथळा वाचला, तो कानाला खटकतो, मग नेमकं काय म्हणायचं, सापडला, मिळाला की अजून काही?

मलापण खटकतो. हस्तगत म्हटलं की डोळ्यासमोर पोलीस स्टेशनचं टेबल आणि त्यावर मांडलेला मुद्देमाल येतो. 'मिळाला' म्हणजे कोणीतरी आणून दिल्यासारखं. 'सापडला' बरोबर आहे पण अर्धंच, कारण सापडणं वेगळं आणि निघणं वेगळं. हे ज्यांच्या घरी विहीर होती त्यांना समजवायला नको. आमच्याकडे रहाटाचा दोर तुटून कळशी आत गेली की गळ सोडायचे, काठावरून आजी विचारायची "लागली का?", आणि काका म्हणायचे "लागलीये गं, पण निघत नाहीये". सुटून परत खाली गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

समुद्रातही तेच, फक्त खोली बघा. रिओहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्स ४४७ हे विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली, आणि अवशेष *सापडले* एप्रिल २०११ मध्ये, जवळपास ३,९०० मीटर खाली. बॉक्सवर एक पिंगर असतो, पाण्यात गेला की सेकंदाला एकदा टिक करतो, पण तेव्हाच्या पिंगरची बॅटरी साधारण ३० दिवसांचीच असायची आणि इथे तर तो कोणाला ऐकूच आला नाही. ब्लॅक बॉक्स म्हणजे खरंतर दोन रेकॉर्डर, एक उड्डाणाच्या डेटाचा आणि एक कॉकपिटमधल्या आवाजाचा. मग रोबो खाली सोडला तर एप्रिलच्या शेवटी डेटा रेकॉर्डरचा नुसता सांगाडा दिसला, मेमरीचा डबा गायब! म्हणजे कळशीचा काठ गळाला लागला आणि कळशी खालीच. तो डबा *निघाला* १ मेला, आणि पाठोपाठ आवाजाचा रेकॉर्डर. रोबोच्या यांत्रिक हाताने उचलला म्हणून इथे एकदाच 'हस्तगत' चालेल म्हणा हवं तर :)

एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान कोसळलं त्या वेळी (२३ जून १९८५, आयर्लंडजवळ, ३२९ मृत्यू) पिंगर ऐकू आले, त्यामुळे सुमारे २,००० मीटरवरून दोन्ही रेकॉर्डर जुलैतच काढले, आणि पुढे त्यांच्या अभ्यासात आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचापण हात होता.

तर शोध लागला तेव्हा 'सापडला', वर आणला तेव्हा 'बाहेर काढला' किंवा नुसतं 'काढला', असं लिहा. 'काळी पेटी' मात्र नको, तो असतो नारिंगी, आणि आमच्या घरात पेटी म्हटलं की लोक सूर विचारतात.

आणि हो, वर काढल्यावर तो पुसून कोरडा करत नाहीत, पाण्यातच बुडवून लॅबपर्यंत नेतात, हवा लागली की गंज झपाट्याने चढतो म्हणून. त्यामुळे 'पाण्याबाहेर काढला' लिहिताना जरा जपून.