गाईंना सरकी ढेप, गोळी पेंड, मका भरडा की मुरघास, स्वस्त काय पडतं? आमच्याकडे केळीचे खांब फुकट मिळतात, त्यांनी खर्च कमी होईल का?

भाऊ, केळीचे खांब फुकट मिळतात हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आधी त्याचंच बोलते. ढेपेचं (सरकीतून तेल काढल्यावर उरलेला चोथा) आणि मुरघासाचं (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा) मागून.

आमचं घर चोपडा तालुक्यातलं. शेतात केळी आणि कापूस, गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकराच्या गाई. गोठ्याची वही माझ्याकडे आणि खरेदी आमच्या जेठांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडे, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, भांडणाचं मूळ तिथेच. खान्देशात दुभत्या जनावराला काय घालता असं विचारलं तर दहातले नऊ जण ढेप म्हणतील, आणि दादा त्यातले कट्टर. 'ढेपले तोड नही' याच्या पुढे त्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. तेही मला चालायचं, कारण ढेपेत निदान काहीतरी असतं. पण एका उन्हाळ्यात ढेपेचे भाव चढले, त्यात दादर ज्वारीचा कडबाही महाग झाला. शेजारच्या मळ्यात केळीची काढणी चालू होती, घड गेल्यावर खांब बांधावर पडून राहायचे. दादांनी ठरवलं की ओला चारा म्हणून तेच घालायचे आणि कडबा निम्मा करायचा. 'फुकटनं शे, मंग काय?' म्हणजे फुकटचं आहे, मग काय?

मग ट्रॉल्या सुरू झाल्या. केळीचा खांब कुट्टी मशीनमध्ये घालून पाहिलाय का तुम्ही? त्याचा धागा शाफ्टला असा गुंडाळतो की दर थोड्या वेळाने मशीन बंद करून कोयत्याने कापून काढावा लागतो. शेवटी सालदार (सालाने ठेवलेला गडी) खाली बसून कोयत्यानेच काप करायचा, त्यात त्याची अख्खी सकाळ जायची. त्याच्या कपड्यांवरचे चिकाचे डाग कशानेही निघाले नाहीत, ते वेगळंच. गाई मात्र पहिले काही दिवस आवडीने खायच्या, पोटं गच्च दिसायची. दादा खुश. 'पाहा, कश्या टम्म दिसतात.'

शेण पातळ व्हायला लागलं तेव्हा मी बोलले, तर उन्हावर ढकललं. दूध उतरलं, तेही उन्हावर. डेअरीच्या पावतीवर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) साडेआठ टक्क्यांच्या खाली आला आणि दर कापला गेला, तेव्हासुद्धा ऊनच. आता जळगावकडचा मे महिना ४४-४५ अंशांवर जातो, उन्हाने संकरित गाईचं दूध घटतं हे मलाही माहीत आहे. म्हणूनच वाद मिटेना. मग मी एक केलं. गोठ्याच्या पत्र्यावर ताडपत्री टाकली, खांबाचे बारीक काप करून बरोबर १० किलो त्यावर पसरले, आणि शेजारी कडब्याची १० किलो कुट्टी. आपल्याकडच्या उन्हाला वेगळी भट्टी लागत नाही. काप कागदासारखे कडकडीत झाले तेव्हा परातीत गोळा करून कापूस मोजायच्या काट्यावर ठेवले. कुट्टी नऊ किलोंच्या वर भरली. खांब भरले ६५० ग्रॅम. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, परात रिकामी करून परत वजन केलं, काटा बिघडलाय की काय म्हणून.

बाकीचं सगळं पाणी होतं. म्हणजे गाईला दिवसाला ३० किलो खांब घातले तरी तिच्या पोटात खरा चारा दोन किलोसुद्धा जात नव्हता, आणि जो जात होता त्यात प्रथिनं नावालाच. चारशे किलोच्या दुभत्या गाईला रोज १२ ते १४ किलो कोरडं खाद्य लागतं. कडबा निम्मा केल्यावर ते येणार कुठून? पोट टम्म, आणि गाय उपाशी.

आता त्या फुकटचा हिशोब. सालदाराची सकाळ आणि ट्रॅक्टरचं डिझेल मिळून खांबाच्या किलोमागे एक रुपया धरा, मी जास्त धरत नाही. १० किलोला १० रुपये, त्यातून कोरडं मिळालं ६५० ग्रॅम. म्हणजे कोरड्या किलोला १५ रुपयांच्या वर. त्याच वेळी कडबा १० रुपये किलोने विकत आणला तर कोरडा किलो ११ रुपयांना पडत होता, आणि तो महाग म्हणून आपण निम्मा केलेला! घटलेलं दूध आणि कापलेला दर यात धरलेलाच नाही. हे दादांपुढे मांडलं तर म्हणाले, 'गाय काय वाळवून खाते का?' पाणी ती हौदावर पिते, त्यासाठी ट्रॉली लागत नाही, एवढं बोलून मी आत गेले. पुढे खांब बंद झाले, पण दादांच्या मते ते सालदार कंटाळला म्हणून.

तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तरही याच काट्यात आहे. ओल्या आणि कोरड्या खाद्याचे भाव शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. आधी भाव कोरड्या किलोवर आणा. ढेप, गोळी पेंड, भरडा, कडबा यांत साधारण ९० टक्के कोरडं असतं. चांगल्या मुरघासात ३० ते ३५, हिरव्या मक्यात आणि नेपियर गवतात २०च्या आसपास. आता समजा मुरघासाचा गठ्ठा ७ रुपये किलोने मिळतो. सातला ०.३०ने भागा, कोरडा किलो २३ रुपयांच्या पुढे गेला. हिरवा मका साडेतीन रुपये असेल तर साडेसतरा. हे सगळे भाव मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या गावचे टाका. कडबा शेकड्याच्या भावाने घेत असाल तर दहा-वीस पेंढ्यांचं वजन करून किलोचा भाव काढा, पेंढी पेंढीत फार फरक असतो.

यावरून माझं मत सरळ आहे: आपल्या भागात, जिथे दादरचा कडबा मिळतो, तिथे विकतचा गठ्ठ्याचा मुरघास घेणं म्हणजे पैसा घालवणं. मुरघासात ताकद कडब्यापेक्षा जास्त आहे, प्रथिनं कडब्यात तीन-चार टक्के तर मक्याच्या मुरघासात आठच्या आसपास, हे धरूनही ७ रुपयांना तो महागच पडतो. स्वतःच्या शेतातला मका चिकात (दाणा दुधाळ) असताना कापून खड्डा भरलात आणि तो चार रुपयांत बसला, तर मात्र मुरघासासारखं काही नाही. लोक दोन्हीला एकच समजतात आणि मग मुरघास परवडतो का यावर भांडत बसतात.

खुराकाचं, म्हणजे ढेप-पेंड-भरड्याचं, गणित निराळं. तिथे कोरड्याचं प्रमाण जवळपास सगळ्यांत सारखंच, म्हणून विचारायचं की प्रथिनाचा किलो कितीला पडला. सालासकटच्या सरकी ढेपेत प्रथिनं २२ टक्क्यांच्या आसपास. ढेप ३६ रुपये असेल तर प्रथिनाचा एक किलो १६० रुपयांच्या वर गेला. सोयाबीनच्या डीओसीत (तेल काढून उरलेल्या पेंडीत) ४५ टक्के, ती ४५ रुपयांना मिळाली तर प्रथिनाचा किलो १०० रुपयांना. दादा, वाचत असाल तर हा आकडा परत एकदा वाचा. डीओसीचं नाव काढलं की 'ते कोंबड्यांचं खाद्य' असं म्हणून विषय संपवायचा, आणि साठ रुपये जास्त देऊन ढेप आणायची. मका भरड्यात प्रथिनं नऊ टक्केच, तो ताकदीसाठी घालायचा, त्याला या काट्यावर मोजू नका. गोळी पेंड म्हणजे कारखान्यातलं तयार मिश्र खाद्य, तिच्या पिशवीवर प्रथिनं छापलेली असतात, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के आणि दुसऱ्यात २०. तिच्यात मीठ-खनिजं आधीच असतात, दोन-तीन गाई असतील आणि मिसळत बसायला वेळ नसेल तर तीच बरी. गाई जास्त असतील तर घरी मिसळलेलं स्वस्त पडतं. आमच्याकडे १०० किलोत साधारण ३८ किलो भरडा, २० ढेप, १२ डीओसी, १५ तूर चुनी, १२ गव्हाचा कोंडा, २ खनिज मिश्रण आणि १ मीठ असं बसतं. ढेप मी काढून टाकलेली नाही, हे लक्षात घ्या. ती किती घालायची एवढंच माझं म्हणणं.

ढेपेने फॅट वाढतं, ही दादांची दुसरी ओळ. तिच्यात थोडं तेल राहतं, त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही. पण गाईचं फॅट मुख्यतः चाऱ्याच्या धाग्यावर आणि ती किती रवंथ करते त्यावर जातं. कडबा कमी करून ढेप वाढवली तर फॅट खालीच येणार. आणि गोणीचा भाव कधीच विचारू नका. एक गोणी ५० किलोची, दुसरी ६०ची, आणि दुकानदार सांगतो 'गोणी शंभराने स्वस्त'. नवीन गोणी आली की मूठभर ढेप काचेच्या ग्लासात भिजत घालते. रेती असली तर तळाशी बसते आणि बोटाला कचकच लागते, फोलपट जास्त असलं तर वर तरंगतं. आमच्या नेहमीच्या दुकानातून आलेल्या एका खेपेला ग्लासाच्या बुडाशी बोटभर थर होता. ग्लास तसाच ओट्यावर ठेवला, दादा जेवायला बसले तेव्हा समोर सरकवला. त्यांनी पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, 'ओळखीचा माणूस आहे.' ओळख आहे म्हणून रेती ढेपेच्या भावात घ्यायची हे मला आजही पटत नाही.

खुराक किती घालायचा तर दुधाच्या अडीच लिटरमागे एक किलो, आणि शरीरपोषणाला वर एक-दीड किलो, चारा बेताचा असेल तेव्हा. चारा चांगला असेल तर याहून कमी लागतो. खरी बचत तिथे आहे, पण 'चाऱ्याने पोट भरतं, दूध ढेपेने येतं' हे ज्याच्या डोक्यात बसलंय त्याला ते कोण सांगणार.

आणि खाद्य स्वस्त पडलं म्हणजे गोठा परवडला असं होत नाही. वहीत रोज दोनच आकडे लिहा, दुधाचे आलेले रुपये आणि खाद्याचे गेलेले. आठ रुपयांचं खाद्य वाचवून पंधरा रुपयांचं दूध घालवलेलं मी घरात पाहिलं आहे. पंधरा लिटरच्या गाईला नुसता कडबा-ढेप देऊन भागत नाही, कारण कडबा कितीही स्वस्त असला तरी तिच्या पोटात मावायला मर्यादा आहे, तिला थोडा हिरवा चारा किंवा घरचा मुरघास लागतोच. पाच-सहा लिटरच्या गावरान गाईला एवढी यातायात करू नका.

काही गोष्टी वर लिहायच्या राहिल्या. खांबाला मी इतकं बोलले, पण भाकड गाईला किंवा बैलाला कुट्टीत पाच-सात किलो मिसळून घातला तर काही बिघडत नाही, आणि चाराटंचाईच्या वर्षी त्याने गुरं जगली आहेत, हे आबा सांगतात आणि ते खरं आहे. पानं खांबापेक्षा बरी, फक्त करप्याची फवारणी झालेल्या बागेतली नुकतीच काढलेली पानं घालू नका. भरडा एकदम वाढवू नका, पोटात आम्ल होऊन गाय रवंथ बंद करते. कुठलंही खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पावसाळ्यात बुरशी आलेली ढेप स्वस्तात मिळाली तरी गोठ्यात आणू नका, तिचं विष दुधात उतरतं. गव्हाचं भुसकट भरपूर असेल तर १०० किलोला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा आणि हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा, त्यातली प्रथिनं दुपटीच्या आसपास जातात. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ते घालू नका, आणि युरियाचं पाणी किंवा गोणी गुरांच्या तोंडापाशी राहू देऊ नका. पहिल्यांदा करत असाल तर पशुवैद्यकाला समोर बसवून करा.

तुमच्या गाई किती, दूध किती, वेत कितवं आणि डेअरीची पावती काय म्हणते हे लिहिलं नाहीत. ते कळवा, आणि सोबत तुमच्याकडचे किलोचे भाव द्या, गोणीचे नकोत. हिशोब मांडून देते.