पुढच्या काचेला घरी फिल्म लावायची म्हणतोयस, तर

भावा, ऊन डोळ्यावर येतंय म्हणून गाडीच्या पुढच्या काचेला ३५ टक्केच उजेड आत सोडणारी फिल्म घरीच लावणार आणि कडेच्या घड्या कशा काढायच्या एवढंच तू विचारलंयस. घड्यांचं सांगतो की, पण ते ३५ आधी डोक्यातनं काढ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणं पुढच्या आणि मागच्या काचेतनं निदान ७० टक्के उजेड आत यायला पाहिजे, बाजूच्या काचांना ५०. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं फिल्म चिकटवणंच बंद केलेलं, नंतर २०२४ ला केरळ हायकोर्टानं टक्केवारी पाळली तर चालते असं म्हटलंय, पण कावळा नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली की तिथं काय केरळचा निकाल वाचून दाखवणार हाईस?

आणि ७० ची फिल्म म्हणजे ७० नसतंय बरं का. काच मूळचीच जरा हिरवट असते, समजा तिच्यातनं ८० टक्के उजेड येतो, त्यावर ७० ची फिल्म टाकली की राहिले ५६. ९० ची टाकली तर ७२, म्हणजे जेमतेम पास. त्यामुळं पुढं लावायचीच तर जवळजवळ पारदर्शक सिरॅमिक, दुसरं काही नाही. ती उष्णता अडवते, उजेड फारसा नाही. दुकानदार यूव्ही यूव्ही करतील, तिकडं लक्ष देऊ नको, पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मधला प्लास्टिकचा थर यूव्ही आधीच अडवतोय. मेटलवाली तर अजिबात नको, फास्टॅग वाचायला अडचण होते. टॅगवरनं आठवलं, जुना टॅग सोलून परत चिकटवीन म्हणशील तर तो फाटतो आणि मरतो, मी तेच केलं आणि किणी टोलला डबल भरले. नवीन टॅगची सोय आधी कर.

आता घड्या. काच दोन्हीकडनं वाकलेली आणि फिल्म सपाट, मग घडी पडणारच, ती आतनं दाबून जात नाही. फिल्मला आकार काचेच्या बाहेरच्या बाजूनं द्यायचा, लायनर, म्हणजे चिकट बाजूवरचा सोलायचा पातळ थर, आपल्याकडं ठेवून. काच धुवून वाळव, बेबी पावडर हलकी फिरव म्हणजे फिल्म सरकते, रोल आडवा टाक कारण तापवल्यावर फिल्म रोलच्या लांबीतच नीट आकसते, आणि सगळ्या घड्या वर आणि खाली ढकल. मग हीट गन फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. माझ्या काचेला खडीचा बारका टवका होता, हायवेवर लागलेला, मी तिथंच गन धरून बसलो आणि टवक्यापासनं वायपरपर्यंत सरळ चीर गेली. फिल्म वाचवायच्या नादात अख्खी काच बदलली! टवका असेल तर फिल्मचा विषयच काढू नको.

आत लावताना डॅशवर जाड टॉवेल टाक, पाणी एसीच्या जाळीतनं खाली गेलं की वायरिंगचा घोळ होतो. पाण्यात बेबी शॅम्पूचे चार थेंब बास. कडेच्या काळ्या ठिपक्यांवर फिल्म धरत नाही, त्याच्या आतच काप. नंतर काही दिवस धुरकट दिसेल, ते आतलं पाणी असतंय, बुडबुडे समजून टोचत बसू नको. पावसाळ्यात तर हात घालूच नको, ते पाणी महिनाभर वाळत नाही.

एवढं करूनही गगनबावड्याला रात्री पावसात जात असशील तर मी म्हणीन पुढची काच आहे तशीच ठेव, बाजूच्या काचा कर आणि सावलीला गाडी लाव. तरी लावायचीच असेल तर रविवारी सकाळी ये, गन माझी घे, एक्स्टेंशन बोर्ड मात्र तुझा आण, माझा मागच्या वेळचा कुणीतरी नेलाय तो आलाच नाही.