पहिली बाजू संपेपर्यंत

प्रश्न : आम्ही सातजण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इंदिरानगरला आमच्या घरी जमतो. एक अख्खा अल्बम ऐकायचा आणि गप्पा मारायच्या, एवढाच बेत. पण आमच्यातले एक काका सूर लागला रे लागला की राग सांगून मोकळे होतात आणि बाकीच्यांची तोंडं मिटतात. दोघी तर यायच्याच बंद झाल्या. काकांना दुखवायचं नाहीये. काय करू? आणि बापूराव पलुस्करांच्या गाण्यांची एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) 'अल्बम' म्हणून चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या काकांना मी चांगला ओळखतो. कॉलेज रोडला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमची अशीच बैठक भरते आणि तिथला काका मी होतो.

एकदा 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली होती, १९६७ची. संतूर, बासरी आणि गिटार. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. घोटीकडच्या एक नर्सबाई तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला मला आमच्या भाताच्या खाचरावरचं धुकं..." मी मध्येच म्हणालो, "अहिर भैरव आहे तो." बाईंनी मान डोलावली आणि कव्हर चाळत बसल्या. परतताना गंगापूर रोडच्या सिग्नलला मागून बायको म्हणाली, "धुक्याचं पुढे काय झालं, ते राहिलंच की हो." बाई पुढचे दोन महिने आल्या नाहीत.

तेव्हापासून एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलत नाही. वीसेक मिनिटांचा तर प्रश्न. पिन उचलली की रागाचं नाव न घेता प्रत्येकाने काय ऐकू आलं ते सांगायचं. सर्वांत नवा माणूस आधी, जाणकार शेवटी. काकांना तसं स्पष्ट सांगा : "तुमचं शेवटी ऐकायचंय." मानही राहतो आणि, स्वानुभव आहे, तोवर त्यांनाही दुसऱ्यांचं ऐकावं लागतं. बंद झालेल्या दोघींना मेसेज टाकू नका, घरी जाऊन बोलवा. पुढची रेकॉर्डही त्यांनाच निवडू द्या. फोनवरून लावणार असाल तर शफल तेवढं बंद ठेवा, नाहीतर मेंढपाळाची रात्र पहाटेच्या आधी उजाडायची.

बापूरावांचं म्हणाल तर अवश्य लावा. १९२१ साली नाशकातच जन्मलेला गवैया, आपण नाही तर कोण लावणार? मात्र ते १९५५ साली, चौतीसाव्या वर्षीच गेले. त्यांच्या हयातीतल्या बहुतेक रेकॉर्डी ७८च्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आज हाती येते ती एलपी अशा सुट्या तबकड्या मागाहून एकत्र करून केलेली असते. तिचा क्रम त्यांनी लावलेला नसतो, म्हणून इथे आमचा बाजूचा नियम मोडा. एकच गाणं लावा, थांबा, बोला, पुन्हा तेच लावा. तेवढ्या वेळात आलाप किती घेतला, तान कुठे सोडून दिली, हे दुसऱ्यांदा नीट कळतं.

चिवडा मात्र बाजू बदलताना काढा. आमच्याकडे एकाने पुडी मध्येच उघडली होती, अजून त्यावरून बोलणी खातो बिचारा.